दिवाळीच्या सफाईत खेळण्यातली जुनी रेल्वे इंजिनं कबाडीवाल्याला देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर लेख होता, लेख चांगला होता, घरी बायकोनं कापून फ्रीजला चिकटवला पण त्यात एक वाक्य असं होतं की माळ्यावर बंद पडलेली विजेवरची खेळणी असतील तर ती ठेवून काही उपयोग नाही, सरळ कबाडीवाल्याला द्या. बाकीच्या खेळण्यांचं तुम्ही जाणे, पण जुन्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनांना हा नियम लावू नका बाप्पा, एवढ्यासाठी हे पत्र लिहून राहिलो. माझं गांधीबागेत मोटर वायंडिंगचं दुकान आहे. मिक्सर, शिलाई मशीन, कूलरचे पंप हे रोजचं काम, आणि ही छोटी इंजिनं आवडीचं काम, ज्यात पैसा काही सुटत नाही.

मला एकच सांगायचंय. "बंद आहे" म्हणून जी इंजिनं माझ्या टेबलावर येतात त्यातल्या बहुतेकांमध्ये जळालेलं-मोडलेलं काहीच नसतं, वीस-तीस वर्षं पडून आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि मोटर जागची हलत नाही, बस. आणि ज्यांचं खरंच नुकसान झालेलं असतं ते बहुतेक वेळा कोणीतरी दुरुस्त करायला गेल्यामुळे झालेलं असतं.

नागपुरात ही इंजिनं कुठून आली असं लोक विचारतात. अहो हे गावच रेल्वेचं आहे. जीआयपी रेल्वे इथं १८६७ साली पोचली, बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली निघाली, अजनीला लोको शेड, मोतीबागेत नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांचं काम, पिढ्यानपिढ्या घरं रेल्वेत. माझ्याकडे येतात ती इंजिनं बरीचशी अशाच घरांतली, कोणाच्या आजोबांना साहेबानं जाताना दिलेलं, कोणाच्या मामानं लंडनहून आणलेलं. खोक्यावर कंपनीचं नाव हॉर्नबी लिहिलेलं असतं, ट्राय-अँग असतं, एखाद्याकडे जर्मनीचं मार्कलिन निघतं.

आता हे नाव बघणं फार महत्त्वाचं आहे कारण सगळी इंजिनं एकाच करंटवर चालत नाहीत आणि घोळ इथूनच सुरू होतो. हॉर्नबी डब्लो १९३८ साली आली, लिव्हरपूलच्या कारखान्यातली, ती तीन रुळांची आहे पण चालते १२ व्होल्ट डीसीवर, आत कायमचा मॅग्नेट असतो. तिला एसी दिला तर ती जागेवर थरथरते आणि वायंडिंग तापतं, माणूस म्हणतो मोटर गेली. मार्कलिनचं जुनं इंजिन पण मधल्या रुळावरून करंट घेतं म्हणून लोकांना दोन्ही सारखेच वाटतात, पण ते साधारण १६ व्होल्ट एसीचं, त्यात मॅग्नेट नाहीच, फिल्ड कॉइल आहे, म्हणजे आपल्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची मोटर. उलटं पळवायला त्याला क्षणभर २४ व्होल्टचा झटका देतात, मग आतला छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पलटी मारतो. तो झटका क्षणभरच द्यायचा, बटण दाबून धरलं तर रिलेची कॉइल गरम होऊन जाते. ट्राय-अँग दोन रुळांची, १२ व्होल्ट डीसी. आणि खोक्यावर ट्राय-अँग आणि हॉर्नबी दोन्ही नावं एकत्र दिसली तर समजायचं माल १९६४ नंतरचा, कारण त्या साली ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सनं हॉर्नबीची मूळ कंपनी मेकॅनो घेतली.

लोक चालू करून बघायची घाई करतात, तेच नको. आधी हातानं चाक अगदी हळू फिरवून बघा, अडलं तर जोर लावू नका, वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा भाग) आणि गिअरचा एक दात तुटला की मग तो पार्ट परदेशातून मागवायचा आणि टपाल-कस्टमचा खर्च पार्टपेक्षा जास्त. वाळलेलं ग्रीस आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतं, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं ते, कापसाच्या काडीवर थोडं घेऊन. पेट्रोल, थिनर प्लास्टिकजवळ नेऊच नका. आणि तो निळा-पिवळा स्प्रे, जो आपण गेटच्या कडीपासून स्कूटरच्या केबलपर्यंत सगळ्यावर मारतो, तो इथं मारू नका, तो नुसतं तेल नाही, त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे चिकट थर ठेवतो ज्याच्यावर धूळ बसते.

ट्राय-अँगच्या बहुतेक इंजिनांत एक्स-झिरो-फोर नावाची मोटर असते, तिची एक गंमत सांगतो. फिरत्या भागाला करंट पोचवणारे दोन कार्बनचे तुकडे असतात, त्यांच्यावर दाब देणारी स्प्रिंग एकच असते, केसांच्या आकड्यासारखी वाकवलेली तार, आणि तिच्या एका पायावर बारीकशी इन्सुलेशनची नळी चढवलेली असते, जेमतेम काही मिलिमीटरची. एका बाजूचा कार्बन चेसिसला, म्हणजे खालच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला असतो म्हणून दुसरी बाजू वेगळी ठेवायला ती नळी. साफ करताना लोक स्प्रिंग काढतात, नळी टेबलावरून उडते, दिसतही नाही, स्प्रिंग तशीच परत बसवतात आणि सरळ शॉर्ट. मग इंजिन माझ्याकडे येतं "वायंडिंग जळालं" म्हणून. पातळ वायरचं कव्हर सोलून तुकडा चढवला की दहा रुपयाचं पण काम नाही.

कार्बन ज्याच्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाला, कॉम्युटेटरला, तीन पट्ट्या असतात, मधल्या फटींमध्ये कार्बनची काळी भुकटी दाबून बसलेली असते, ती अगरबत्तीच्या काडीचं टोक तासून हळूच खरवडायची. सुई नाही, ब्लेड तर नाहीच. पॉलिश पेपर पण नको, त्याचे ओरखडे राहतात आणि कार्बन लवकर झिजतो. मग मल्टिमीटर लावून पट्ट्यांच्या तिन्ही जोड्या मोजायच्या, आकडा जवळपास सारखा आला पाहिजे, तसा नसला तर बहुतेक वेळा तार कॉम्युटेटरच्या कानाजवळ तुटलेली असते, तिथं सोल्डरचा बारीक डाग दिला की झालं, रिवायंडिंग (सगळी तार नव्यानं गुंडाळणं) लागतच नाही. मोटर पूर्ण खोलायची असेल तर मॅग्नेट शक्यतो जागेवरून काढू नका, जुन्या मॅग्नेटला लोखंडाचा तुकडा न लावता उघडं ठेवलं की त्याची ताकद उतरते, मग इंजिन फिरतं पण डबे ओढत नाही.

कार्बनबद्दल माझ्याच धंद्यातल्या भावांना सांगतो कारण हे काम आपणच बिघडवून राहिलो. मिक्सरचा कार्बन घासून या इंजिनात बसवता येतो, मापात पण येतो, पण तो २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून १२ व्होल्टातले बरेचसे त्याच्यातच खर्च होतात. १२ व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेला कार्बन लागतो. गाडीच्या वायपर मोटरचा कार्बन बघा, त्याच्यात तांबूस झाक दिसते, तो घासून लावा, फरक पहिल्याच फेरीत कळतो.

तेल म्हणजे शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल तेवढं, दांडा ज्यात फिरतो त्या प्रत्येक बुशला एक थेंब, कॉम्युटेटरवर अजिबात नाही. आपल्याकडे खोबरेल घालायची फार हौस. नागपूरचा मे महिना निघून जातो त्याच्यावर, पण डिसेंबरमध्ये बाटलीतलं खोबरेल थिजतं ते इंजिनात पण थिजणारच ना, आणि वर्षभरानं त्याचा डिंक होतो तो वेगळाच.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर, माळा ही यांना ठेवायची सगळ्यात वाईट जागा. ५० च्या दशकातली सुरुवातीची ट्राय-अँग इंजिनं सेल्युलोज ॲसिटेटच्या बॉडीची आहेत, ती मुळातच कालांतरानं वाकडी होतात, त्यात स्लॅबखालची आपली ४५ डिग्री, मग विचारूच नका. एकदा पीळ बसला की गरम पाण्यात घालून सरळ करायला जाऊ नका, मी तरी करत नाही. म्हणून काही लोक कूलरच्या खोलीत ठेवतात, तिथं दमटपणानं पत्र्याच्या डब्यांना गंज. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं, जुन्या कॉटनमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नाही.

एक दुखणं मात्र आहे ज्याला औषध नाही. जस्ताच्या मिश्रधातूचं कास्टिंग असतं, त्यात बनवताना शिसं जरासं जरी मिसळलं असेल तर पुढे धातू आतल्या आत फुगतो, बारीक भेगा पडतात आणि एक दिवस चाक हातात चुरा होऊन येतं. युद्धाआधीच्या हॉर्नबीत हे भरपूर दिसतं. ओल असेल तर हे लवकर होतं. पण एकाचं दुसऱ्याला लागतं हे खोटं आहे, म्हणून बाकीची इंजिनं घाबरून फेकू नका. फेविक्विक, एम-सील लावून काही होत नाही कारण तो धातू फुगायचा थांबतच नाही. अशा इंजिनाचं चाक, चेसिस बदलायचं, बॉडी, मोटर ठेवायची.

आणि रंग! एका गिऱ्हाईकानं मोठ्या शहरातल्या कोणाकडून तरी "रिस्टोर" करून आणलेलं इंजिन मला दाखवलं, चमकत होतं लग्नातल्या घोडीसारखं. कारखान्याचा हिरवा रंग, बाजूचे सोनेरी नंबर, सगळं घासून वर स्प्रे पेंट. पैसे घेतले ते घेतलेच, शौकिनांच्या बाजारात किंमत पण पाडली. घासलेला ओरिजिनल रंग परत येत नाही, खरचटलेला असला तरी तोच ठेवायचा. कोमट पाणी, एक थेंब लिक्विड सोप, मऊ ब्रश, आधी खालच्या कोपऱ्यात ट्राय करून, छापील पत्रा असेल तर पाणी पण नको, नुसता कोरडा ब्रश. शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, घरात लहान लेकरं असताना पॉलिश पेपर मारून ती धूळ कशाला उडवायची?

वापरातून काढायची म्हणाल तर एक वस्तू मी स्वतः सांगतो, रुळांना करंट देणारा जुना ट्रान्सफॉर्मर. कापडी वेणीची वायर, आतलं रबर कडक होऊन तडकलेलं, बाहेर लोखंडी खोकं, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि बनवलेला २२० व्होल्टसाठी. आपल्या लाइनला रात्री किती व्होल्टेज येतं ते मल्टिमीटर लावून बघा एकदा. ठेवायचा तर शोभेला ठेवा, प्लग लावू नका, वायर कापूनच टाका म्हणजे नातू प्रयोग करणार नाही. डीसीच्या इंजिनाला आजकालचा चांगला १२ व्होल्टचा कंट्रोलर घ्या.

आता मागणी. मोतीबागेत नॅरोगेज रेल म्युझियम २००२ पासून आहे, खरी इंजिनं उभी आहेत, आपल्या भागातली अडीच फुटी लाइन कशी होती ते तिथंच बघायला मिळतं, नाहीतर नागभीडची गाडी २०१९ मध्ये बंद झाल्यावर पोरांना नॅरोगेज दाखवायची कुठं? पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून, तिथं मॉडेल प्रत्यक्ष पळताना दिसतात. मोतीबागेत पण महिन्यातून एखाद्या रविवारी एक टेबल, एक दिवा, थोडे रूळ एवढं मांडायला रेल्वेनं परवानगी द्यावी. लोक आपापली इंजिनं आणतील, आम्ही तीन-चार जण हत्यारं घेऊन बसू, फुकटात. अजनी शेडचे रिटायर्ड फिटर आहेत ओळखीचे, त्यांचे हात अजून शिवशिवतात, घरी नुसते सुनेच्या मिक्सरकडे बघत बसतात. रेल्वेला खर्च काही नाही, तिकिटं चार जास्तच खपतील. अर्ज आम्ही देणारच आहोत, पण पेपरात आलं की साहेब लोक वाचतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तोवर ज्यांच्या घरी माळ्यावरून असं काही निघेल त्यांनी इंजिन, डबे, रूळ आणि पुठ्ठ्याचं खोकं एकमेकांपासून वेगळं करू नये, फाटकं असलं तरी खोकं ठेवावं, आत छापील कागद असेल तर तो पण. आणि साहेब, हे पत्र जागेअभावी कापलं तरी चालेल, नुसता ट्रान्सफॉर्मरचा आणि रंगाचा परिच्छेद ठेवा, पण छापा धनत्रयोदशीच्या आधी, कारण आमच्या भागात कबाडीवाल्यांच्या गाड्या त्याच आठवड्यात सकाळ-संध्याकाळ फिरतात.

आपला,
एक वायंडिंगवाला,
गांधीबाग, नागपूर