डायव्हिंगची बोट निवडताना

महोदय,

तारकर्लीला स्कूबा करून आलेली कोल्हापूरची मुले आता मालदीव, इंडोनेशियातल्या आठवडाभराच्या डायव्हिंग बोटींची चौकशी करू लागली आहेत. आनंदच आहे. पण केबिनचे फोटो पाहून आगाऊ रक्कम भरली जाते, ही काळजीची गोष्ट आहे.

आधी हंगाम पाहा. दिवाळीच्या सुट्टीत इंडोनेशियातले राजा अम्पात जमते. मेमध्ये मालदीवला नैर्ऋत्य वारे सुरू होतात. मग प्रमाणपत्र: सुरुवातीच्या ‘ओपन वॉटर’ला १८ मीटर खोलीपर्यंत, पुढच्या ‘अॅडव्हान्स्ड’ला ३०. मालदीवच्या खाड्यांत प्रवाह इतका जोरात असतो की खडकाला हुक अडकवून थांबावे लागते. प्रशिक्षकाने हात धरून नेलेली डुबकी तिथे अनुभव म्हणून धरू नये.

सगळ्यात मोठा धोका आगीचा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ बोट रात्री पेटली आणि खाली झोपलेले ३४ जण दगावले. पहाऱ्यावर कोणी नव्हते. खालून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या, आणि ती खोलीच जळत होती. म्हणून बोटवाल्याला लेखी विचारा: रात्रभर जागे कोण असते? दुसरी वाट नेमकी कुठे निघते? कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात? उत्तर गुळमुळीत आले तर बोट सोडा, सवलत कितीही असो.

परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी घ्या. २४ ठेवलेले बरे. आणि साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग, डीकम्प्रेशन चेंबरचा (पाण्यातून वर आल्यावर होणाऱ्या त्रासावर उपचाराची दाबाची खोली) खर्च धरला आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा.

– काही डायव्हर वाचक, कोल्हापूर