दोन्ही काढायचे नाहीत

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एकच धोशा लावला होतास, "आई, दोन्ही स्तन काढून टाक, डोक्याला ताप नको." तुझी भीती कळते गं मला. पण रडारडीत माझं म्हणणं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले.

मी फक्त गाठ काढून स्तन वाचवायचं ऑपरेशन करून घेणार आहे. कॅन्सरची गाठ एकच आहे, दोन सेंटिमीटरची. सर्जनबाईंनी केसपेपरच्या पाठीमागे एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा. मधली जागा म्हणजे गाठीसोबत काढायची निरोगी कड. काढलेल्या तुकड्याच्या कडेला लॅबमध्ये शाई लावतात. शाईपर्यंत कॅन्सर पोचलेला दिसला, तर पुन्हा ऑपरेशन. त्याचीही मनाची तयारी आहे माझी.

जास्त कापलं की जास्त सुरक्षित, असं एके काळी डॉक्टरही मानत. अमेरिकेतले सर्जन हॉलस्टेड तर छातीचे स्नायूसुद्धा काढत. मग १९७० च्या दशकात इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जननी बायकांचे गट करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २००२ मध्ये वीस वर्षांचा हिशोब आला: सगळा स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नाही. मात्र फिशर यांच्याकडे नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला, घेतलेल्यांत १४ जणींना. म्हणून रेडिएशन मी चुकवणार नाही. तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज जायचं.

राहिला दुसरा स्तन. तो निरोगी आहे. तो काढल्याने हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे उठण्याची शक्यता कमी होत नाही. जीन तपासणीत बीआरसीए दोष, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा आनुवंशिक दोष, निघाला असता तर मी तुझं ऐकलं असतं, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे.

ओपीडीत माझ्या शेजारी सांगोल्याकडची एक बाई होती. तिने सगळा स्तन काढून घेतला. रेडिएशनसाठी शहरात राहायचं कुठे, घरी गुरं कोण बघणार? तिची गाठ लहान होती, त्यामुळे सगळं काढल्यावर तिला रेडिएशन लागणार नव्हतं. तिचा निर्णय तिच्यापुरता अगदी बरोबर होता. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली पदराखाली धरून ती रोज किती मिली पाणी आलं ते शाळेच्या वहीत लिहून ठेवत होती. मला दादरला मावशीचं घर आहे, म्हणून मला निवड करता येते. हे मी विसरत नाही.

काखेचं मात्र नीट समजून घे, कारण हात सुजण्याचा त्रास तिथून होतो. पूर्वी काखेतल्या सगळ्या ग्रंथी सरसकट काढत. आता स्तनात निळा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या दोन-तीन ग्रंथींत उतरतो तेवढ्याच काढून तपासतात, कारण कॅन्सर पसरला तर आधी त्यांच्यातच पोचतो. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

आणखी एक मी स्वतःहून विचारलं. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या १६०० बायकांच्या अभ्यासात ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दातवाले देतात तसलं भुलीचं औषध, टोचलं होतं. पाच वर्षांनी टोचलेल्या शंभरातल्या ९० जणी हयात होत्या, न टोचलेल्यांतल्या ८६. इतकं स्वस्त औषध! आमच्या सर्जनबाई ते देतातच म्हणाल्या.

ऑपरेशनला बाबा आणि मावशी आहेत. तू सुट्टी रेडिएशनसाठी राखून ठेव, थकवा तेव्हाच जास्त येतो म्हणतात. आणि येताना पुढून बटणं असलेले दोन सैल सुती कुर्ते घेऊन ये, काही दिवस हात वर करून कपडे घालता येणार नाहीत.

तुझी
आई