रेंज कागदावर नको, जागेवर मोजा

महोदय,

कारखाना, गोदाम, रुग्णालय, हॉटेल, बांधकाम, जागा कोणतीही असो, वॉकी-टॉकीची सेवा घेताना पहिला प्रश्न असतो, ‘हँडसेट किती आणि कितीला?’ दुसरा प्रश्न रेंजचा. त्याचे उत्तर माहितीपत्रकात छापून तयार असते: आठ किलोमीटर, दहा किलोमीटर. हा आकडा खोटा नसतो, पण आपल्या उपयोगाचाही नसतो. सपाट मोकळ्या माळावर दोन माणसे दीड-दीड मीटर उंचीवर हँडसेट धरून उभी राहिली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे मर्यादा पडते ती साधारण १० किलोमीटरची. मध्ये भिंत नाही, झाड नाही, उभा ट्रक नाही. तेच संच काँक्रीटच्या इमारतीत किंवा लोखंडी रॅकच्या गोदामात नेले की काही मजले, काहीशे मीटर एवढाच पल्ला उरतो.

मग ‘जास्त वॅटचा घ्या’ असा सल्ला मिळतो. चार वॅटचे आठ केले तर फायदा ३ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे सिग्नलची घटवाढ मोजायचे माप), आणि तो तळघराची एक भिंत सहज गिळते. अगदी मोकळ्यावरही अंतर दुप्पट करायचे तर वॅट चौपट लागतात. उलट रिपीटरची, म्हणजे एका संचाचा सिग्नल घेऊन तो जोराने पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राची, अँटेना ३० मीटर उंच गेली, तर त्याच चार वॅटच्या संचासाठी क्षितिज २७ किलोमीटरच्या आसपास सरकते. पैसा घालायचाच तर तो उंचीत घालावा.

म्हणून आमचे सांगणे एकच: करारावर सही करण्याआधी, भाड्याने का होईना, संच मागवून आपल्याच जागेत चाचणी घ्या, आणि तिचे निकष करारात लिहून घ्या.

चाचणी म्हणजे अंगणात उभे राहून ‘हॅलो, हॅलो’ नव्हे. ‘हॅलो’ अर्धवट आला तरी मेंदू तो पुरा करून घेतो. जागेचा नकाशा घ्यावा, आत २० मीटरचे आणि बाहेर ५० मीटरचे चौकोन आखावेत. एक माणूस नियंत्रण कक्षात, दुसरा चौकोनाचौकोनांतून फिरता. प्रत्येक ठिकाणी आधी ठाऊक नसलेले वाक्य वाचायचे, जसे ‘गेट चार, टँकर सतरा, वजन साडेनऊ’, आणि ऐकणाऱ्याने ते लिहायचे. मग उलट दिशेने तसेच. ही उलटी फेरीच बहुधा वगळली जाते आणि तिथेच फसगत होते. ४० वॅटचा रिपीटर तळघरापर्यंत ऐकू जातो, पण तळघरातला ४ वॅटचा हँडसेट रिपीटरपर्यंत पोहोचेलच असे नाही. माणसाला सगळे ऐकू येते, त्याचे मात्र कोणालाच ऐकू जात नाही.

लिफ्ट, जिना, शीतगृह, जनरेटरची खोली, पंपघर आणि कुंपणाचा सर्वांत लांबचा कोपरा नकाशात हवेतच. चाचणीच्या वेळी यंत्रे चालू, दारे बंद आणि गोदाम मालाने भरलेले असावे. रिकाम्या गोदामातला निकाल भरलेल्या गोदामात टिकत नाही. संच हातात उंच धरू नये, रोज जसा कमरेला असतो तसाच ठेवावा, कारण अंगाआड गेलेल्या अँटेनाचा सिग्नल शरीर शोषून घेते. करारात ‘९५ टक्के चौकोनांत वाक्य पुन्हा विचारावे न लागता कळले पाहिजे’ असे लिहावे आणि जिथे जीव धोक्यात येऊ शकतो त्या जागा नावानिशी वेगळ्या नोंदवाव्यात. तिथे टक्केवारी चालत नाही. खोल तळघरात किंवा बोगद्यात रिपीटरही पुरत नाही. तिथे गळती केबल (जिच्यातून लांबीभर थोडा थोडा सिग्नल बाहेर पडतो अशी केबल) किंवा आतल्या आत अँटेनांचे जाळे लागते. तो खर्च आधीच विचारून घ्यावा.

बँडबाबत, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याबाबत, फार घोळ घालण्याचे कारण नाही. इमारतींच्या आत यूएचएफ, म्हणजे ढोबळमानाने ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. शेत, जंगल, मोकळा टापू असेल तर व्हीएचएफ, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ. मात्र अँटेना ज्या बँडचा संच त्याच बँडची हवी. रबरी अँटेना दिसायला सारख्याच असतात. बदलताना दुसऱ्याच बँडची बसते आणि ‘संच बिघडला’ म्हणून तो दुरुस्तीला जातो. अँटेनाला धरून संच उचलायची सवयही मोडावी, आतली तार बुडाशी तुटते आणि वरून काही दिसत नाही.

निविदेत रिपीटरचे वॅट मोठ्या अक्षरांत असतात आणि केबलला एक ओळ. खरी चोरी त्या ओळीत होते. ४५० मेगाहर्ट्झला आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये ३० मीटरला सुमारे १० डेसिबल वाया जातात: खाली ४० वॅट, वर अँटेनाला ४. अर्ध्या इंची जाड केबलने सुमारे ७० टक्के शक्ती वर पोहोचते. शिवाय अँटेनाकडून येणाऱ्या क्षीण आवाजालाही हीच कात्री लागते. वरच्या कनेक्टरवर जलरोधक टेप नीट गुंडाळलेली नसेल तर पाणी केबलमध्ये उतरते. बसवताना एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा) १.५ च्या आत आहे ना, ते मीटरवर पाहून आकडा तारखेसह लिहून ठेवावा. पुढे तो ३ वर गेला, म्हणजे चौथा हिस्सा शक्ती परत येत असेल, तर दोष संचात नाही, वर केबल-अँटेनात आहे.

डिजिटल की अ‍ॅनालॉग? डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर वेळेचे दोन आलटूनपालटून तुकडे पडतात, म्हणून एकाच रिपीटरवरून दोन संभाषणे चालतात. गट दोन-तीन असतील तर एवढ्यानेच खर्च वसूल होतो. पण अ‍ॅनालॉगचा आवाज खरखरून आधी सूचना देतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि एकदम तुटतो. डिजिटल म्हणजे गुप्त, हाही गैरसमज आहे. कूटलेखन, म्हणजे बोलणे सांकेतिक करून पाठवणे, वेगळे चालू करावे लागते. ‘प्रायव्हसी टोन’ तर फक्त आपल्या कानावर येणारे दुसऱ्यांचे बोलणे बंद करतो, आपले बोलणे दुसऱ्यांना बंद करत नाही.

मोबाइल नेटवर्कवर चालणारे संच शहरभर पसरलेल्या गाड्यांसाठी सोयीचे आहेत. रिपीटर नको, मनोरा नको, दरमहा शुल्क भरायचे. परंतु बटण दाबल्यापासून आवाज पोहोचेपर्यंत उशीर लागतो, आणि टॉवर बंद पडला किंवा गर्दीने तुंबला की नेमक्या आणीबाणीत सगळे मुके. क्रेनच्या इशाऱ्यांसाठी आम्ही ते सुचवणार नाही. ज्वालाग्राही वायू असेल तिथे प्रमाणित संच आणि प्रमाणित बॅटरी, दोन्ही. साधी बॅटरी लावली की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

बॅटरीचे जे तास सांगितले जातात ते ५ टक्के बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के शांतता या हिशेबाने. सतत बोलणाऱ्या माणसाला दुसरी बॅटरी द्यावीच लागते. रिपीटरचा हिशेब स्वतः करावा: बोलताना १० अँपिअर, एरवी १, दिवसाचा पाचवा हिस्सा बोलणे धरले तर सरासरी २.८ अँपिअर. आठ तास वीज गेली तर २२ अँपिअर-तासांहून थोडे जास्त. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि ती वयाने झिजतेही, म्हणून ४० ची घ्यावी.

करारात आणखी दोन गोष्टी. फ्रिक्वेन्सीचा परवाना तुमच्या नावावर हवा, आणि प्रत्येक संचाची प्रोग्रॅमिंग फाइल पासवर्डसह तुमच्याकडे हवी. त्या पुरवठादाराकडे राहिल्या तर एक चॅनेल बदलायलाही त्याचीच वाट पाहावी लागते आणि त्याला सोडायचे म्हटले की सगळे संच नव्याने भरावे लागतात.

राहता राहिले वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण, ज्याला कोणी अर्धा तासही देत नाही. बटण दाबून लगेच बोलले तर रिपीटर जागा होईपर्यंत पहिला शब्द जातो. बटण लवकर सोडले तर शेवटचा. मराठीत नकार शेवटी येतो. ‘दोर सोडू नका’ मधले ‘नका’ कापले गेले की वर उभ्या माणसाला ‘दोर सोडू’ एवढेच ऐकू येते. म्हणून बटण दाबून एक सेकंद थांबावे, बोलून झाल्यावर क्षणभराने सोडावे, आणि आज्ञा होकारार्थी द्यावी: ‘दोर धरून ठेवा, धरून ठेवा.’

आपले,
काही रेडिओ तंत्रज्ञ