कागद आमच्याकडे वळवून ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे गावाच्या वहिवाटी आणि हक्क नोंदवलेल्या जुन्या महसुली कागदाची, प्रमाणित नक्कल तुमच्या अभिलेखागारातून मिळाली, तिच्या आधारे तलावाच्या वाटेवरचे तारेचे कुंपण निघाले आणि गुरे पुन्हा पाण्यावर जाऊ लागली. नक्कल हाती आली त्या दिवशी माझ्या काकाजींचा कंठ दाटून आला होता आणि मलाही धड बोलता आले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आमचा तलाव माजी मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वी गावच्या मालगुजाराच्या, इथल्या जमीनदाराच्या, ताब्यातला. १९५१ साली मालगुजारी गेली आणि असे तलाव सरकारकडे आले. परंतु गुरांचे पाणी, ओलित, मासेमारी आणि तलावापर्यंत जाण्याची वाट यांविषयीचे गावाचे वहिवाटीचे हक्क त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी अमलातील बंदोबस्ताच्या, म्हणजे जमिनी मोजून सारा ठरवण्याच्या, वेळी, गावोगाव लिहून ठेवलेले होते. असा कागद आहे हे गावातील म्हाताऱ्यांना पक्के ठाऊक होते. तो कुठे पाहायला मिळेल हे मात्र कोणी सांगत नव्हते.

शेजारच्या शेताच्या नव्या मालकाने वाट अडवली तेव्हा आम्ही आधी ज्या कार्यालयात गेलो, त्याचे नाव लिहिण्यात मला रस नाही. तिथे अर्ज उभ्या उभ्या चाळला गेला, 'जुना रेकॉर्ड सडला' असे तोंडी सांगण्यात आले आणि आम्ही लेखी मागितल्यावर 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढा शेरा मारून अर्ज परत मिळाला. कोणी एखादे बासन सोडून पाहिले असेल, असे मला आजही वाटत नाही. गंमत अशी की त्या शेऱ्याचाच आधार घेऊन कुंपणवाले गावभर सांगत सुटले की सरकारी कागदातसुद्धा इथे वाट कधी नव्हतीच. ज्यांनी तो शेरा लिहिला त्यांना त्याचे परिणाम माहीत नसतील असे मी समजतो, कारण माहीत असून लिहिला असेल तर त्याला दुसरे नाव द्यावे लागेल.

तुम्ही मात्र अर्ज वाचून पहिला प्रश्न हा विचारला की गाव आज मौदा तालुक्यात असले तरी बंदोबस्ताच्या वेळी ते कोणत्या तहसिलीत होते. त्या काळी नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल एवढ्याच तहसिली होत्या, त्यामुळे आमचे गाव रामटेकच्या दप्तरात शोधायला हवे, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितले, आणि ते तिथेच सापडले. इतके सोपे होते हे कळल्यावर आनंद झालाच, पण त्याआधी थोडा संतापही आला. नागपूरच्या कागदांचा प्रवास किती वेडावाकडा आहे, हेही तुमच्याकडूनच नीट कळले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत आला, पुढे त्याला वऱ्हाड जोडले गेले, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला व मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हा माणसांबरोबर दप्तरांचीही वाटणी झाली. एवढ्या उलथापालथीतून एका लहान गावाची चार पाने टिकून राहिली, ती तुमच्यासारख्या कोणीतरी प्रत्येक वेळी गठ्ठ्यावर चिठ्ठी लावून ठेवली म्हणूनच.

पण माझ्या मनात राहून गेली आहे ती गोष्ट याहून लहान आहे. मे महिना होता, बाहेर नागपूरचे ऊन काय असते ते सांगायला नको. तुम्ही नस्ती टेबलावर आणलीत आणि कागद कोरडा ठणठणीत झाला आहे, वाऱ्याने कडा तुटतील, म्हणून स्वतःच्या डोक्यावरचा पंखा बंद केलात. मग नस्ती उघडलीत आणि ती फिरवून काकाजींकडे तोंड करून ठेवलीत. "काकाजी, तुम्हीच वाचा. कागद तुमच्या गावचा आहे," असे म्हणालात. ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागद टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, उलटा पाहिला, साहेब सांगतील तेवढाच ऐकला आणि दाखवतील तिथे सही केली, त्या माणसाला कोणी असे म्हणाले नव्हते. काकाजी चौथी शिकलेले. अक्षर जुन्या वळणाचे, त्यात फारसी धाटणीचे महसुली शब्द, त्यामुळे ते एकेक शब्द बोटाखाली धरून वाचत होते. तुम्ही बोट कागदाला लागू नये म्हणून मध्ये एक कोरा कागद सरकवलात, पण वाचू दिलेत. घामाने तुमचा चेहरा निथळत होता आणि तरीही तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. वाटेचा उल्लेख आला तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "आता म्हणा म्हणावं, वाट नव्हती म्हणून!" तुम्ही हसलात. मला वाटते, खटला तिथेच जिंकला होता. पुढचे सगळे सोपस्कार होते.

सभ्यपणाला वेगळा निधी लागत नाही असे म्हणणे सोपे आहे, परंतु तुमच्या खोलीतील कोंदट हवा, उन्हाळ्यात ठिसूळ होणारे आणि पावसाळ्यात ओल धरणारे कागद, कसर आणि वाळवी, हे पाहिल्यावर तसे म्हणवत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांविषयी २००५ चा कायदा आहे, कागद किती वर्षे ठेवायचा याचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले आहेत. मात्र बासन सोडणारा आणि सूची लिहिणारा माणूस नसेल तर हे सारे भिंतीवर लावण्यापुरतेच उरते. स्कॅनिंगच्या यंत्राचे उद्घाटन थाटात होते, सूचीकाराचे रिकामे पद कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या हाती नेमणुका आहेत त्यांनी हे पत्र वाचले तर बरेच.

आता एक विनंती. आमच्या मच्छीमार संस्थेची जुनी प्रोसिडिंग बुके आणि तलावाच्या पाणीवाटपाच्या वह्या गोदामातील पत्र्याच्या पेटीत आहेत आणि उंदरांनी कडा कुरतडायला सुरुवात केली आहे. खासगी संस्थेचे कागद तुम्ही ठेवून घेत असाल तर कोणत्या दिवशी आणायचे ते कळवावे. पेटी काकाजी स्वतः घेऊन येणार म्हणतात. तुम्ही पावती त्यांच्याच नावे करावी, एवढी त्यांची अट आहे.

आपला कृतज्ञ,
काकाजींचा पुतण्या