आमच्या सहायक प्रशिक्षकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा आधीच्या प्रशिक्षकांबरोबर आपल्यालाही निरोप द्यावा आणि माझ्या ओळखीच्या माणसाला सहायक म्हणून घ्यावे, अशी विनंती मी केली होती. ती मान्य झाली नाही, आणि ती मी केली होती हे आपल्या कानावर गेले होते. तरीही सरावाच्या पहिल्या सकाळी आपण माझ्या आधी मैदानावर हजर होता आणि चेंडूंत हवा भरून झाल्यावर इतक्या वर्षांची आपली नोंदवही न मागता माझ्या हाती दिलीत.

माझी भीती अगदीच निराधार नव्हती. जुना सहायक मनाने जुन्याच प्रशिक्षकाचा असतो, संघाबाहेर बसवलेली मुले गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे जातात आणि नव्या माणसाचा शब्द मैदानावर अर्धाच पोहोचतो, असे मी धरून चाललो होतो. मोठ्या क्लबांतले मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आपली माणसे बरोबर घेऊन येतात, ते बहुधा याचसाठी.

पण मी इंग्लंडमधल्या ज्या लिव्हरपूलचा लहानपणापासून चाहता आहे, त्याच क्लबाचा इतिहास मी सोयीस्करपणे विसरलो होतो. डिसेंबर 1959 मध्ये बिल शँकली तिथे मॅनेजर म्हणून आले, तेव्हा क्लब लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या, विभागात होता आणि बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट हे आधीच्या मॅनेजरच्या काळातले सहकारी होते. शँकलींनी त्यांच्यापैकी कोणालाही काढले नाही. निष्ठा हवी आणि एकमेकांच्या चहाड्या नकोत, एवढीच अट घातली. बूट ठेवण्याच्या खोलीत बसून ही मंडळी खेळाडूंविषयी बोलत आणि सरावाच्या नोंदी ठेवत. 1974 मध्ये शँकली पायउतार झाले तेव्हा त्याच खोलीतले पेस्ली मॅनेजर झाले आणि त्यांनी 1977, 1978 व 1981 असे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, युरोपियन कपचे, तीन किताब जिंकले. त्यांच्यानंतर आलेल्या फेगन यांनी 1984 मध्ये चौथा आणला.

याउलट 2013 मध्ये डेव्हिड मॉयेस मॅनेजर म्हणून मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, तेव्हा माईक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि एरिक स्टील हे तिघे जुने प्रशिक्षक गेले आणि मॉयेस यांच्या आधीच्या क्लबातले, एव्हर्टनमधले, सहकारी आले. आदल्या हंगामात अकरा गुणांच्या आघाडीने लीग जिंकलेला तो संघ सातव्या स्थानावर घसरला आणि हंगाम संपण्याआधीच मॉयेस यांना जावे लागले. सगळा दोष त्या एका निर्णयाला देणे अन्यायाचे होईल, कारण संघ वयस्कर झाला होता आणि आधीचे मॅनेजर फर्ग्युसन यांची जागा घेणे कोणालाही जडच गेले असते. पण त्या खेळाडूंना रोज पाहणारी माणसे त्याच वेळी बाहेर पडली, हेही खरे.

जुनी माणसे ठेवली की यश मिळतेच, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच बुटांच्या खोलीतले रॉनी मोरान आणि रॉय एव्हान्स 1990 नंतरही लिव्हरपूलमध्येच होते, तरी त्या वर्षीच्या लीग विजेतेपदानंतरचे पुढचे थेट 2020 मध्ये आले. म्हणून आपल्या थांबण्याला मी कप आणि पदकांच्या हिशेबात बसवत नाही. आमच्या डाव्या बचावपटूचा घोटा दोन वर्षांपूर्वी मुरगळला होता आणि दुखत असले तरी तो कधी सांगत नाही, ही नोंद आपल्या वहीत नसती, तर सप्टेंबरमध्ये मी त्याला सलग तीन सामने खेळवले असते. आणि माझ्याविषयीची गाऱ्हाणी घेऊन आपल्याकडे आलेल्या मुलांना आपण दरवेळी माझ्याकडेच पाठवलेत, हे मला त्या मुलांकडूनच कळले.

केलेल्या विनंतीबद्दल मी आपली क्षमा मागतो आणि या वर्षाबद्दल मनापासून आभार मानतो. आपली वही भरत आली आहे. येत्या जूनमध्ये नवी घेऊन येतो, तिचे पहिले पान आपण लिहावे.

आपला,
संघाचा प्रशिक्षक