मनू, ट्रंक उघडलीस तेव्हाच कळायला हवं होतं

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस लायब्ररीचं एम.लिब झालं की म्युझिक लायब्ररीतच काम करायचंय आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, अगं पण पगार किती मिळणार. तू गप्प झालीस ते फार लागलं मला. काळजी आहेच गं, मुंबईचं एनसीपीए आणि गुरुग्रामचं एआरसीई यांचे संगीतसंग्रह, आकाशवाणी, अशा जागा असून असून किती.

पण मग दिवाळीत तू आजोबांची ट्रंक उघडलीस ते आठवलं. तबकड्या एकावर एक रचून ठेवल्या म्हणून मला ओरडलीस, लाखेच्या आहेत आई, तडकतील, उभ्या ठेव. एकीचं लेबल पार पुसलेलं, तर तू मोबाईलचा टॉर्च तिरका धरून मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर वाचत बसलीस, जेवायला तीनदा हाक मारली तरी उठली नाहीस. आणि म्हणालीस जुन्या सगळ्याच काही मिनिटाला 78 फेऱ्यांच्या स्पीडला नसतात, 78 ची तबकडी 74 ला वाजवली की काळी दोनचा गायक जवळजवळ पांढरी दोनचा, म्हणजे अर्धा सूर खालचा, होऊन बसतो. मी वीस वर्षं गाणं शिकवतेय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं माझ्या!

तूच सांगितलंस ना, 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान तबकडीसाठी गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव बोलल्या, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या लोकांना कळायला हवं कोण गातंय. आपल्या आजोबांनी गणपतीत म्हटलेला यमन एका कॅसेटवर होता, त्यावर कुणी काही लिहिलंच नाही, आणि 1991 ला मी त्यावरच रेडिओवरची गाणी भरली. त्यांचा आवाज आता कुठेच नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून तू हेच कर. फक्त रियाज सोडू नकोस, भीमपलास आणि पटदीप हे जवळचे राग कानाने वेगळे ओळखता आले नाहीत तर नुसत्या कॅटलॉगिंगच्या परीक्षा पास होऊन काय उपयोग, कॅटलॉगच्या कार्डावर चुकीचा राग पडला की तो चुकीचाच शोधत बसतात ना लोक पुढे.

फीचे पैसे टाकलेत, बघून घे. ट्रंकेत तळाशी अजून दोन कॅसेट सापडल्या, दोन्हींवर नाव गाव काही लिहिलेलं नाही. मी लावून बघितल्या नाहीत, टेप अडकली तर म्हणून. कपाटात उभ्या ठेवल्यात, ऊन लागत नाही तिथे. शनिवारी येशील का?

आई