हेल्पलाइनवरच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री विचारायचं भानही नव्हतं. म्हणून हे पत्र असं उघड लिहितो आहे, कधीतरी तुमच्या नजरेस पडेल या आशेने.

रात्री अडीचला फोन लावला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "आत्ता घरात कोण आहे?" ऑनलाइन जुगारात किती हरलात, हे तुम्ही शेवटपर्यंत विचारलं नाहीत. त्याआधी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकाच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'किती?' आकडा कळला की मग माणसं आकड्याशीच बोलायची, मी बाजूलाच.

बायको झोपली आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "उठवा त्यांना. मी फोन ठेवत नाही." मी दोनदा दारापर्यंत जाऊन मागे फिरलो. तिसऱ्यांदा हाक मारली. तिला सगळं सांगितलं, ती रडली, मीही रडलो. फोन टेबलावर तसाच होता, स्क्रीनवर मिनिटं पुढे सरकत होती. आम्ही दोघं परत आलो तेव्हा तेवीस मिनिटं झाली होती. भीत भीतच 'हॅलो' म्हटलं.

"हो, आहे मी."

ताई, ती तेवीस मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही. कुणाचं कोण, आणि रिकाम्या फोनला कान लावून बसलेलं! कुणाच्या संकटात नुसतं थांबून राहणं, त्याची लाज न काढता, याला फार मोठं मन लागतं.

त्या जुगाराच्या साईटवाल्यांना मी दोनदा लिहिलं होतं: खातं बंद करा, मला आवरत नाही. उत्तरात बोनस आला! एकदा जिंकलेले पैसे काढायला टाकले, तर ते तीन दिवस 'प्रक्रियेत', आणि शेजारीच बटण, रद्द करून पुन्हा खेळण्यासाठी. तिसऱ्या रात्री मी ते दाबलं. ब्रिटनने २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी घातली आणि २०२१ मध्ये हे बटणही काढायला लावलं. स्वीडनमध्ये २०१९ पासून, मला खेळू देऊ नका म्हणून एकदा नाव नोंदवलं की परवानाधारक साईटींची दारं एकदम बंद होतात. म्हणजे मनात आणलं तर होतं. मग आधीच बुडणाऱ्या माणसाने एकेका साईटचे पाय का धरायचे?

आणखी एक. "हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला," हे तुम्ही मला नाही, तिला सांगितलंत. तोवर घरात सगळे याला हावच म्हणत होते. ती मात्र त्या रात्रीनंतर एकदाही तसं म्हणाली नाही.

बँकेचं सगळं आता तीच बघते. परवा मला म्हणाली, "त्या ताईंना कळवलंस का रे?"

म्हणून लिहायला बसलो.